स्वादुपिंडाचा कर्करोग आणि रक्तातील खुणा

(औंध येथील ग्रामस्थांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर परिश्रम केले. आरोग्याचा असा वारसा लाभलेल्या औंधनगरीत आज विचार करावयाचा आहे तो जठरामागे दडलेल्या स्वादुपिंडाचा. पाचकरस व इन्सुलिन तयार करणारे हे इंद्रिय बाहेरून हाताला सहसा लागत नाही. म्हणूनच त्याचा कर्करोग उशिरा उमगतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच व्याधीने निधन झाले.

हा रोग मूळ धरतो तो पेशीत. तेथे के-रास नावाचे एक प्रथिन असते. वाढीची सूचना मिळताच ते जागे होते व काम संपताच निजते. त्याच्या जनुकात बिघाड झाला, की ते अखंड जागे राहून पेशीला विभाजनाचा हुकूम देत राहते. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत हा बिघाड आढळतो. पुढे वाढीस लगाम घालणारे पी-५३ हे प्रथिनही निकामी झाले, की गाठ फोफावते.

अशा गाठीतून सीए १९-९ हा पदार्थ रक्तात उतरतो. प्रथिनांना जोडलेली ही एक शर्करायुक्त खूण आहे. शस्त्रक्रियेनंतर तिचे प्रमाण घटले, तर उपचार लागू पडल्याचे समजते. पुन्हा वाढले, तर रोग उलटल्याची शंका येते. परंतु पित्तखड्यांमुळे झालेल्या काविळीतही ती वाढते आणि शंभरांपैकी पाच-दहा व्यक्तींच्या शरीरात ती तयारच होत नाही. म्हणून निरोगी माणसाने केवळ ही चाचणी करून निर्धास्त होऊ नये अथवा खचूनही जाऊ नये.

खरी सावधगिरी लक्षणांबाबत हवी. न दुखता झालेली कावीळ, पोटातून पाठीत जाणारी कळ, अकारण घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. कावीळ उतरविण्यासाठी झाडपाल्यावर आठवडे घालवू नयेत. गाठ लहान व एका जागी असतानाच शस्त्रक्रियेला वाव असतो. निदान पक्के होते ते सीटी स्कॅन व पेशींच्या तपासणीनेच.

तंबाखू, मग ती विडीतील असो वा मिश्रीतील, या रोगाला निमंत्रण देते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू व मुखाचा कर्करोग यांचे नाते अभ्यासिले. तो इशारा स्वादुपिंडालाही लागू आहे. तंबाखू सोडणे प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहावयास नको.