कॉलेजच्या फीपायी वावर विकू नका
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक कापसाच्या भावाची, मग तिच्यात कॉलेजच्या फीची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण आपापल्या गावात कोणाचे वावर कशापायी विकले गेले, याची यादी करून पाहा. दवाखाना निघेल, लग्न निघेल आणि आता तिसरे कारण निघेल, ते म्हणजे पोराचे शिक्षण. दवाखाना सांगून येत नाही. शिक्षणाचा खर्च मात्र दोन वर्षे आधी सांगून येतो. पोरगा दहावी झाला तेव्हाच तो दिसतो. तरी आपण जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. बियाण्याचे पैसे आणि फीचे पैसे एकाच आठवड्यात लागतात आणि आपण दोन्हीपायी अडकतो.

आधी हिशेब करू. समजा, इंजिनिअरिंगची फी वर्षाला ९० हजार. खोली, खानावळ, एसटी, वह्यापुस्तके मिळून ७० हजार. झाले १ लाख ६० हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला. त्या भावाने, म्हणजे तो खरोखर हातात पडला तर, २० क्विंटल कापूस एका वर्षाच्या शिक्षणाला लागतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा, म्हणजे पाच एकरांचा सगळा कापूस. बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा रुपया न काढता. ज्वारीचा हिशेब तर करूच नका. संकरित ज्वारीचा त्याच हंगामाचा हमीभाव ३,६९९ रुपये. त्रेचाळीस क्विंटल ज्वारी विकावी तेव्हा एक वर्ष निघेल.

ही पाळी कशी आली? राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांच्या मुलांना फीमाफी होती. ई.बी.सी. सवलत म्हणून आपल्या बापांना ती ठाऊक होती. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, खेड्यातली पोरे इंजिनिअर झाली, हे खरे. पण कॉलेज चालवण्याचा खर्च सरकारच्या खिशातून निघून बापाच्या खिशात आला. आणि बापाच्या खिशात काय यायचे ते ठरते बाजार समितीच्या आवारात.

म्हणून आज मी क्रम सांगणार आहे. पैसा कुठून उभा करायचा, त्याचा क्रम. आधी हक्काची सवलत, मग शिष्यवृत्ती आणि भत्ता, मग पोराची स्वतःची कमाई, आणि उरलेल्या रकमेपुरतेच बँकेचे कर्ज. सावकार या क्रमात नाही. वावर या क्रमात नाही.

सवलतीचे पाहू. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. उत्पन्नाची अट तीच. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. ज्याला वसतिगृह मिळाले नाही अशा अल्पभूधारकाच्या पोराला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलाला स्वाधार योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि दर वर्षी नव्याने करायचा. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे चार वर्षे मिळेल, असे नाही.

आता यात माणूस फसतो कुठे, ते ऐका. ही सवलत सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही. दलाल घरी येतो, "चांगल्या कॉलेजात जागा लावून देतो" म्हणतो, आणि बाप टोकन देऊन मोकळा होतो. त्या दिवशी तो टोकनाची रक्कम तर घालवतोच, पण पुढच्या चारही वर्षांची सवलत घालवतो. फेरीतून मिळणारे दोन नंबरचे कॉलेज घ्या. दलालाचे एक नंबरचे कॉलेज घेऊ नका.

दुसरी फसगत कागदांची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, अल्पभूधारक असल्याचा दाखला. हे जूनमध्ये काढायला गेलात तर सेतू केंद्रात रांग आणि वावरात वाफसा, दोन्ही एका दिवशी येतात. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा. जात वैधतेचा अर्ज पोरगा अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. वैधता नाही म्हणून हातातली जागा गेली, अशी उदाहरणे तालुक्या-तालुक्यात सापडतील. आणि बँकेचे खाते पोराच्या आधारला जोडलेले आहे की नाही ते पाहा, कारण पैसा तिथेच येतो.

कमाईचे बोलू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' याच पायावर. आज विद्यापीठांत या नावाच्या योजना चालतात. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज दोन-तीन तास काम आणि तासाप्रमाणे पैसे. त्यात फी निघत नाही. खानावळीला मात्र हातभार लागतो. पोराला लाज वाटत असेल तर त्याला सांगा, तुझी माय रोजाने कापूस वेचते तेव्हा तुझी वही येते. पण रात्रभर राबून परीक्षेत नापास होणेही परवडणारे नाही. काम खानावळीपुरते, डोके अभ्यासाला. आणि ज्याला घर सोडताच येत नाही त्याच्यासाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. वावर सांभाळून पदवी घेता येते.

उरले कर्ज. सावकार शेकडा तीन रुपये महिना घेतो, म्हणजे वर्षाला छत्तीस. एक लाखावर चार वर्षांचे नुसते सरळ व्याज १ लाख ४४ हजार. बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. ४ लाखांपर्यंत तारण नाही. २०१५ पासून केंद्राची पतहमी आहे. तिच्यात बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा बाहेरचा जामीनदार मागता येत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या मुदतीतले व्याज केंद्र सरकार भरते. २०२४ पासून निवडक संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे.

कागदावर हे असे आहे. शाखेत काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. "सात-बारा आणा", "बापाचे पीककर्ज थकले आहे", "सिबिल बसत नाही". मायबापांनो, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितले की सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. निकाल तिकडचा असला तरी अर्जाला जोडायला उपयोगी आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे पीककर्ज नाही. याची माफी होईल या आशेवर राहू नका. कर्जावर पोरासोबत बापाचीही सही असते. ज्या कॉलेजातून शिकून निघालेली पोरे पुन्हा गावात पारावर बसलेली दिसतात, त्या कॉलेजसाठी कर्ज काढू नका. आधी तिथल्या चार पोरांना भेटा, मग सही करा.

शेवटचे. हे सगळे सांगितले म्हणजे आपण सवलतीवर समाधानी झालो असे नाही. सरकार हमीभाव काढते तो हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी यांच्या दीडपट. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात धरत नाही. पूर्ण खर्चावर भाव मिळाला तर आपल्या पोराला कोणाच्या दारात दाखला घेऊन उभे राहावे लागणार नाही. ती लढाई चालूच आहे. पण भाव मिळेपर्यंत पोराचे वय थांबत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणायचे. एक, गावातल्या दहावी ते बारावीच्या पोरापोरींची यादी आणि कोणाचा कोणता दाखला बाकी आहे त्याची नोंद. पोरींची नावे गाळू नका. फी माफ असूनही खोली-खानावळीपायी त्यांनाच आधी घरी बसवले जाते. दुसरा, ज्या बँकेने कर्ज नाकारले तिची पोच आणि नकाराचे पत्र. एकट्या बापाला मॅनेजर परत पाठवतो. शंभर पत्रे घेऊन जिल्हा गेला तर त्याला उत्तर द्यावे लागेल.