पायाने चालणारी होडी आणि चार मिलिमीटरची पिन

(मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर कीर्तने झाली, नाट्यगीते झाली. सुट्या भागांवर भाषण बहुधा पहिलेच. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, वक्ता नव्हे. आणि आमचे साहेब समोर बसले आहेत म्हणून आधीच सांगतो, ही सगळी कामे रविवारची, घरच्या टेबलावरची आहेत.

चोडणच्या कांदळवनात वल्ह्याच्या कयाक आपण पाहतो. पेडलच्या कयाकमध्ये हात मोकळे राहतात, म्हणून गळ टाकणाऱ्यांना ती आवडते. होबी कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या यंत्रणेत पाण्याखाली दोन पंख डावी-उजवीकडे हलतात, पेंग्विनसारखे. दुसऱ्या प्रकारात सायकलसारखे पेडल, गिअर, उभा दांडा आणि खाली पंखा. माझ्या भाच्याकडे ही दुसरी आहे.

तिचा अंगठ्याएवढा बुश झिजला. विक्रेत्याकडे विचारले तर उत्तर आले, पूर्ण युनिट बदला. बुशासाठी युनिट! तिथून माझा हा उद्योग सुरू झाला.

पहिली गोष्ट माप. झिजलेल्या बुशाच्या भोकाचे माप घेऊन नवा बनवला, तर झीजच नव्याने तयार होते. माप घ्यायचे ते दांड्याचे, जिथे तो घासलेला नाही तिथे, आणि बुश ज्या घरात बसतो त्या घराचे. व्हर्निअरने, तीन ठिकाणी.

मग माल. नायलॉन सहज मिळतो, पण पाणी पितो आणि फुगतो. कोरडा असताना झकास फिरणारा दांडा काही दिवसांनी आवळला जातो. ॲसिटल फार कमी पाणी घेते. दुकानात ‘डेलरिन’ म्हणून मागा. लेथवर ते लोण्यासारखे कापले जाते. थ्री-डी प्रिंटरवर भाग काढणारी मुले आता आपल्याकडेही आहेत. त्यांना सांगा, पीएलए नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात बंद गाडीत ठेवलेला भाग वाकडा होऊन निघतो. शिवाय प्रिंटचे थर ताणाच्या आडवे आले की भाग त्याच रेषेवर फाटतो. म्हणून छापतानाच तो आडवा ठेवायचा. खाऱ्या पाण्यात स्क्रू ३१६ स्टीलचे वापरा. पण तोच स्क्रू ॲल्युमिनिअममध्ये बसवला तर स्क्रू शाबूत राहतो आणि ॲल्युमिनिअम पांढरी भुकटी होऊन जाते. मध्ये ग्रीस हवेच.

आता पिन. पंखा दांड्याला एका लहानशा पिनेने जोडलेला असतो. पंख्यात जाळ्याची दोरी किंवा कांदळाचे मूळ अडकले की ती पिन तुटते. ती तुटावी म्हणूनच तिथे आहे. आपल्या लोकांना हे पटत नाही. ‘भाऊ, जरा दणकट करून द्या ना!’ चारची पिन पाचची केली की ताकद सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्यासाच्या वर्गावर चालते. मग जोर जातो गिअरच्या दात्यांवर.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पिनेच्या जागी कडक पोलादी बोल्टचा तुकडा ठोकला. संध्याकाळची वेळ, ओहोटी लागलेली, दोरी अडकली आणि दाते उडाले. जवळ वल्हे नव्हते. प्रवाह समुद्राकडे ओढत होता. रापणकारांची होडी दिसली नसती तर काय झाले असते, ते त्यांच्या सौभाग्यवती इथे बसल्या आहेत म्हणून बोलत नाही. भाच्याची पिन त्याच महिन्यात तुटली. वल्हे मारत तो वाळूच्या पट्ट्यावर आला आणि पाच मिनिटांत दुसरी घालून निघाला.

म्हणून मी पिन मूळच्याच मालाची, मूळच्याच जाडीची बनवतो आणि एकाच्या जागी चार देतो. दणकट मागणाऱ्याला सरळ नाही म्हणतो. थोडे वाईटपण येते, चालते.

कुणाचा भाग तुटला असेल तर तुकडे फेकू नका. न झिजलेली कड त्यातच सापडते. पिन पाहायची असेल तर खिशात दोन आहेत, चहाच्या वेळी दाखवतो.