माडीवरची खोली आणि गंगेच्या दोन रेघा



मंडळाच्या वाढदिवशी मी विटा-वाळूचे बोलणार आहे, याचे नवल वाटू देऊ नका. मुले लग्नाची झाली, घर मात्र तेवढेच. मग माडीवर एक खोली चढवावी, हा विचार आपल्या गल्लीत कोणत्या घरी नाही?

आमच्याकडेही तो निघाला. गवंडी म्हणाला, "वहिनी, सुट्टीच्या दोन दिवसांत उरकून टाकू, कोण बघायला येतंय?" सासूबाईंनी मात्र विचारले, "गंगेची रेघ आपल्या घरावरून जाते का, ते पाहिलंत का?"

ही रेघ म्हणजे पूररेषा. १९ सप्टेंबर २००८ चा पूर आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. आपण दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले त्यावरून पूर मोजतो, सरकार नकाशावर मोजते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळीपर्यंत नवे घर बांधता येत नाही. जुने मंजूर घर पाडून पुन्हा उभारायचे तरी पाटबंधारे खात्याचा दाखला लागतो. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच हवे. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत हे दिले आहे.

प्रथम मला रागच आला. तीन पिढ्या इथे नांदल्या, आता कागद आम्हांला शिकवणार! पण पाणी ओसरल्यावर घरातला चिखल कोणी उपसला, भिजलेले गहू कोणी वाळवले? आपणच ना? म्हणून रेषा मला जाचक वाटत नाही. जाच वाटतो तो आपले घर कोणत्या बाजूला पडते, एवढे कळण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या खेपांचा.

आमचे घर दोन्ही रेषांच्या मध्ये निघाले. परवानाधारक अभियंत्यांनी जुना मंजूर नकाशा मागितला. घरपट्टीच्या पावत्या आमच्याकडे गठ्ठाभर, पण पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. अखेर माळ्यावरच्या ट्रंकेत नकाशा सापडला. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, पण शिक्का वाचता येतो. मग त्यांनी जुन्या भिंती ठोकून पाहिल्या. वरचे ओझे त्या पेलतील की नाही, हे आम्हांला कधी सुचलेच नव्हते.

अर्ज दिला आहे. १९६६ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे धरतात. परंतु नकाशा नियमांत बसत असेल तरच. तेव्हा मुदत संपली म्हणून लगेच वाळू टाकून घेऊ नका, आधी अभियंत्यांना विचारा. आमच्या मुलाचे लग्न तोवर थांबले आहे. व्याही समजूतदार मिळाले, हे नशीब.

आणि कचेरीत जाल तेव्हा सिटी सर्व्हेचा उतारा बरोबर न्या, नाहीतर ती एक खेप फुकट जाते.