नौकेवरील सोनखत

इंग्लंडांतील कालव्यांवर अरुंद नौकांतून बारा महिने संसार करणारीं कुटुंबें आहेत. नौकेची रुंदी जेमतेम ७ फूट. एवढ्याशा जागेंत शौचाची सोय कशी करावी, हा विषय नाजूक खरा, परंतु टाळतां येण्याजोगा नाहीं.

अलीकडे कित्येकांनीं पाण्याविना चालणारें शौचपात्र पत्करलें आहे. त्यांत मूत्र पुढील भांड्यांत पडतें व मळ मागील बादलींत. दुर्गंधी माजते ती मुख्यत्वें या दोहोंच्या मिश्रणानें. म्हणून तीं निराळीं ठेवावयाचीं. मळावर लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा भुगा पसरतात, आणि एक लहानसा पंखा आंतली ओल बाहेर नेतो. हेन्री मूल या इंग्रज पाद्र्यानें १८६० सालीं कोरड्या मातीच्या शौचकूपाचें पेटंट घेतलें होतें. त्याच कुळांतलें हें.

मात्र यास खताचें शौचकूप म्हणणें ही अतिशयोक्ति होय. बादली आठवड्याभरांत भरते. सोनखत मुरावयास कित्येक महिने लागतात. नौकेवर घडतें तें केवळ वाळवण! आपल्याकडे परसांत खड्डा खणतां येतो. नौकेस परसूं कोठलें? पुष्कळ जण पिशवी बांधून कालव्याकांठच्या कचरापेटींत टाकीत. २०२१ च्या अखेरीस 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट'नें तेंही बंद केलें. ज्याची कांठावर बाग आहे, त्यानें या वाटेस खुशाल जावें; इतरांस टांकीचें शौचकूपच बरें. कांहीं चिवट मंडळी मात्र झांकणाच्या बादल्या नौकेच्या छपरावर ओळीनें मांडून तेथेंच खत मुरवितात.