सांध्यावरची ओळ



अनेक फायली एकीमागून एक वाचून त्यांचा अखंड प्रवाह करणारी ‘कॅट’ ही आज्ञा युनिक्स प्रणालीत १९७१ पासून आहे. ती अक्षरे पुढे सारते; ओळी ओळखीत नाही. पहिल्या फायलीच्या अखेरीस नव्या ओळीची खूण राहून गेली असेल, तर तिची शेवटची ओळ दुसरीच्या पहिल्या ओळीला चिकटते. याद्या मतदारांच्या असतील तर दोन माणसांचा एक होतो. आणि यंत्र कुरकुरत नाही! १९७७ सालची ‘ऑक’ ही भाषा मात्र फायली स्वतः क्रमाने उघडते व फाईल संपली की ओळही संपली, असे मानते. आम्हांस हा विवेक मोलाचा वाटतो. प्रवाह खुशाल जोडावे. पण प्रत्येकाची सीमा राखावी. यादीतला एखादा माणूस नेमका त्या सीमेवर उभा असतो.