गुडघा दुखावला म्हणून डाव संपत नाही

सातारा-सांगलीच्या बचत गटांतल्या आम्ही आज क्रिकेटबद्दल बोलणार आहोत. क्रिकेटचं आपल्याला काय, असं म्हणू नका. गोष्ट गुडघ्याची आहे आणि गुडघे आपल्या सगळ्यांचेच कुरकुरतात.

स्मृती मानधना आपल्या सांगलीची, माधवनगरात वाढलेली. चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयाची विद्यार्थिनी. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात गेली. २०१३ साली तिने बडोद्यात एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या.

जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तिचा गुडघा दुखावला. मांडीचं आणि नडगीचं हाड धरून ठेवणारा आतला चिवट पट्टा, म्हणजे लिगामेंट, फाटला. फेब्रुवारीत कोलंबोला विश्वचषकाची पात्रता फेरी झाली, ती तिच्याविना. तिने अंगावर काढलं नाही. उपचार घेतले, व्यायाम केला, धीर धरला. २४ जूनला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या आणि पुढच्या सामन्यात नाबाद १०६.

नंतर मात्र धावा आटल्या. अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली, भारत ९ धावांनी हरला. तरी ती खेळत राहिली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा स्मृती उपकर्णधार होती. त्या स्पर्धेत तिच्या ४३४ धावा झाल्या.

त्याच स्पर्धेत तिच्या जोडीची प्रतिका रावल पाय दुखावून बाहेर पडली. तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा काढल्या. प्रतिका चाकाच्या खुर्चीत बसून विजयाच्या आनंदात सामील झाली. एकीला बसावं लागलं तर दुसरी उभी राहते. आपला गटही असाच चालतो ना?

आता आपल्याकडे बघू. लेक कबड्डी खेळताना पडली, तर घरात पहिला शब्द निघतो, "बास झाला खेळ." आणि आपण स्वतः पडलो, तर तेल चोळून दुसऱ्या दिवशी भांगलायला जातो. दोन्ही चूकच. पडताना गुडघ्यात 'कट' आवाज आला, लगेच सूज चढली किंवा चालताना गुडघा सटकतोय असं वाटलं, तर चोळू नका, ओढून बसवून घेऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. म्हणून "हाड मोडलं नाही" एवढ्यावर घरी परतू नका. दुखणं का आहे, ते विचारा. सांगितलेला व्यायाम सूज उतरली म्हणून सोडू नका, मांडीत पुन्हा ताकद येईपर्यंत करा.

गटातून आपण शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज घेतो. तसंच लेकीच्या किंवा आपल्या गुडघ्यासाठीही मागा. त्यात लाज कसली? पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा, आणि गुडघा धरून गप्प बसलेल्या मैत्रिणीला आधी बोलतं करा.