पोटातला खडा, पण पित्ताचा नव्हे

सोनोग्राफी म्हटलं की बार्शीटाकळीतही आधी गरोदर बाईच डोळ्यांपुढे येते. केंद्राच्या दारावर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी असते ना! पण त्याच यंत्राखाली स्वादुपिंडाचा जुनाट दाहही सापडू शकतो.

या दाहाचं दुखणं बेंबीच्या वर सुरू होतं आणि थेट पाठीत जातं. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. माणूस वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहतो. मग वजन उतरतं, शौच तेलकट होते, कधी साखर वाढते. दारू हे मोठं कारण खरं, पण न पिणाऱ्यांनाही तो होतो. तेव्हा उगाच संशय नको.

पडद्यावर डॉक्टर काय बघतात? स्वादुपिंडात खडा असेल तर तो पांढराशुभ्र चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. स्वादुपिंडाची नळी एरवी साधारण ३ मिलिमीटरच्या आत असते, ती फुगलेली दिसते. ग्रंथी आक्रसलेली असते.

मोठी अडचण म्हणजे गॅस. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं, आणि ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत. म्हणून सकाळी उपाशीपोटी बोलावतात. काही वेळा वर पाणी पाजतात. पाण्याने भरलेलं जठर खिडकीसारखं काम करतं.

सुरुवातीचा आजार मात्र सोनोग्राफीत निसटू शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नाही, तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात दाखवा. पुढे सीटी स्कॅन, एमआरआय किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी लागू शकते. जुने रिपोर्ट सोबत न्या.